आठ आण्यांची विकेट

गोल्फ खेळणारे म्हणतात, चेंडू लांबवर फटकावणे एक वेळ सोपे. तोच भोकाजवळ हलकेच नेऊन ठेवणे महाकठीण. क्रिकेटमधल्या फिरकी गोलंदाजीचेही तसेच आहे. तेथे दंडातल्या ताकदीपेक्षा बोटांना लागलेले वळण मोठे. हे वळण कसे लागते, असा विचार मनात आला की मला बाळू पालवणकर आठवतात.

त्यांचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. माझ्या कणकुंबीत उगम पावणाऱ्या मलप्रभेचे पाणी आज ज्या धारवाडला जाते, तेच हे धारवाड. म्हणूनच हा माणूस मला आपल्या मुलखातला वाटतो. घराणे मूळचे कोकणातले, जात चांभार, वडील लष्करात नोकरीला. पुण्यास आल्यावर बाळूंनी पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात नोकरी धरली. काम खेळपट्टी झाडण्याचे व रोलर फिरवण्याचे. पगार महिना तीन रुपये.

पुढे ते पूना क्लबात चार रुपयांवर लागले. तेथे जाळी बांधायची आणि गोऱ्या सभासदांना सरावासाठी चेंडूही टाकायचे. शिकवणारा गुरू असा कोणी नव्हता. बार्टन नावाच्या एका कॅप्टनची डावखुरी गोलंदाजी पाहून पाहून त्यांनी तिची ढब उचलली, असे सांगतात. ग्रेग हा तेथला नामांकित फलंदाज. तो इतरांच्या आधी येऊन बाळूंकडून चेंडू टाकून घेई आणि बाद झाला की दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. मी पडलो वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, तेव्हा हिशेब केला : ग्रेगला आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार सुटला! सराव साहेबाचा, पण त्याचा नफा बाळूंच्या बोटांत जमा होत होता. मात्र त्या जाळीत त्यांच्या हाती बॅट कोणी दिली नाही. नोकराने चेंडू टाकावेत आणि फटके साहेबाने मारावेत, ही तेव्हाची रीत.

हे कसब पाहून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळायला घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात येई. नंतर ते मुंबईच्या हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. वय तेव्हा पस्तीस.

एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. त्यांचे भाऊ शिवराम, गणपत व विठ्ठल हेही उत्तम खेळाडू. १९२० साली शिवराम व विठ्ठल यांनी या अन्यायाच्या निषेधार्थ संघातून अंग काढून घेतले. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला आणि संघ जिंकला. पण तोवर बाळूंची उमेद सरून गेली होती. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व हरले. १९५५ साली त्यांचे निधन झाले.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. हा आकडा सरावाने मिळवला. कर्णधारपद मात्र सरावाने मिळण्यासारखे नव्हते. ते देणाऱ्यांच्या हाती होते, आणि त्यांच्या मनाला वळण लागायला फार वर्षे गेली.

मित्रहो, आपल्या महाविद्यालयाच्या मैदानावरही कोणीतरी रोज सकाळी रोलर ओढतो. त्याला एकदा चेंडू टाकून पाहा, असे आपल्यापैकी कोणी म्हटले आहे काय? आणि चेंडूबरोबर बॅटही त्याच्या हाती द्यावी, हे बरे.