त्रिभुवनदास पटेल

गुजरातमधील खेडा जिल्हा सुपीक जमिनीबद्दल व दुभत्या म्हशींबद्दल पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. त्या काळी या जिल्ह्यात मोडणाऱ्या आणंद गावी २२ ऑक्टोबर १९०३ रोजी त्रिभुवनदास पटेल यांचा जन्म झाला. महात्मा गांधींच्या शिकवणुकीचा ठसा तरुणपणीच त्यांच्या मनावर उमटला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी कारावास पत्करला.

शेतकऱ्याला पिकाचा पैसा वर्षातून एकदोनदाच मिळे. घरातील मीठमिरचीचा खर्च मात्र म्हशीच्या दुधावर चाले. परंतु दूध ही मोठी नाजूक वस्तू. धान्य कणगीत भरून बऱ्या भावाची वाट पाहता येते. दूध काही तासांतच नासते. म्हणून व्यापारी देईल तो भाव शेतकऱ्याला मुकाट्याने घ्यावा लागे. १९४५ साली मुंबई सरकारने आणंदहून मुंबई शहराला दूध पुरविण्याची योजना आखली व ते काम पोल्सन या खासगी डेअरीकडे सोपविले. ठेकेदार गावोगावचे दूध गोळा करून डेअरीला देत. शहरात मिळणारा दाम वाटेतच जिरून जाई आणि गुरे राखणाऱ्याच्या पदरी फार थोडे पडे.

शेतकऱ्यांनी हे गाऱ्हाणे सरदार वल्लभभाई पटेलांच्या कानी घातले. आपल्या दुधाचा व्यवहार आपणच सहकाराने करावा, असा सल्ला सरदारांनी दिला व मोरारजी देसाई यांना खेडा जिल्ह्यात पाठविले. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी सभा भरली. गावोगाव दूध मंडळ्या काढाव्यात, त्यांचा एक संघ असावा आणि सरकारने त्या संघाकडूनच दूध घ्यावे, असे ठरले. सरकारने ही मागणी नाकारताच दूधबंदी सुरू झाली. ज्यांची चूल दुधाच्या पैशावर पेटे, त्यांना एकेक दिवस जड होता. तरीही शेतकऱ्यांनी एकजूट मोडू दिली नाही. पंधरा दिवसांनी सरकारला नमते घ्यावे लागले.

एकजूट टिकविणे हे दूधबंदीहूनही अवघड काम होते. ते त्रिभुवनदासांनी शिरावर घेतले. गावोगाव हिंडून त्यांनी लोकांना सहकाराचे मर्म समजावून दिले. १४ डिसेंबर १९४६ रोजी संघाची नोंदणी झाली व ते त्याचे अध्यक्ष झाले. जून १९४८ मध्ये मुंबईसाठी काम सुरू झाले, तेव्हा रोज अवघे २५० लिटर दूध येई. मंडळीच्या दारी गरीब व श्रीमंत, सर्व जातींचे लोक एकाच रांगेत उभे राहत. दूध मापून, त्यातील स्निग्धांश पाहून चोख दाम दिला जाई. १९४९ साली आणंदला आलेल्या वर्गीस कुरियन या तरुण अभियंत्याचे गुण ओळखून त्रिभुवनदासांनी त्यांना तेथेच राहण्याची गळ घातली. कुरियन यांनी यंत्रे व व्यवहार सांभाळला, तर त्रिभुवनदासांनी शेतकऱ्यांचा विश्वास राखला. हाच संघ पुढे ‘अमूल’ या नावाने घरोघरी पोहोचला. १९६३ साली त्रिभुवनदासांना मॅगसेसे पुरस्काराचा मान लाभला.

अध्यक्षपद सोडताना सभासदांनी प्रत्येकी एक रुपया देऊन सुमारे सहा लाखांची थैली त्यांना अर्पण केली. तीतील रक्कम त्यांनी स्वतःसाठी घेतली नाही. खेड्यांतील माता व बालके यांच्या आरोग्यसेवेसाठी ती वाहिली. ३ जून १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. कष्टकऱ्याच्या घामाचे मोल त्याच्याच घरी पोहोचावे, यासाठी हा सत्पुरुष आयुष्यभर झिजला.