दोन तारांमधला फरक

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकतात आणि एकोणसाठ म्हणजे नक्की किती, हे अजून मनात मोजून बघावं लागतं. तरीही हा लेख मराठी विभागासाठीच लिहिला, कारण ज्या प्रसंगातून तो सुचला तो तुम्हा सगळ्यांसमोर घडला होता.

गेल्या वर्षीचं गॅदरिंग आठवतंय? फर्स्ट इयरच्या एका मुलीने गाणं सुरू केलं आणि स्पीकरमधून भुंऽऽ असा आवाज यायला लागला. मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. तिने कसंबसं गाणं आटोपलं आणि विंगेत जाऊन रडली. सगळ्यांनी साउंडवाल्या काकांना नावं ठेवली. दोष त्यांचा नव्हता, माझा होता. मिक्सरपासून स्टेजवरच्या अॅम्प्लिफायरपर्यंतची चाळीस मीटरची वायर पैसे वाचवायला मीच बनवली होती. आत एक तार आणि भोवती जाळी. वर ती लाइटच्या केबलला लागून ओढली होती. काकांनी नंतर ती वायर हातात घेऊन बघितली. ओरडले नाहीत. लांबच्या वायरीला आत दोन तारा लागतात, एवढंच सांगून ती गुंडाळून माझ्या हातात दिली.

दोन का, हे शोधायला लायब्ररीत बसलो आणि एका माणसाशी ओळख झाली. त्यांचं नाव अॅलन डॉवर ब्लुमलाईन.

अॅलनचा जन्म 29 जून 1903 रोजी लंडनमधल्या हॅम्पस्टेडचा. वडील मूळचे जर्मन, खाणकामातले इंजिनिअर. आई स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी. सात वर्षांचा असताना या पोराने घराची बिघडलेली बेल दुरुस्त केली आणि वडिलांना रीतसर बिल दिलं. त्यावर स्वतःच्या नावापुढे इलेक्ट्रिकल इंजिनिअर असंही लिहिलं होतं! गंमत म्हणजे बहिणीच्या आठवणीप्रमाणे त्याला बारा वर्षांचा होईपर्यंत धड वाचता येत नव्हतं. यावर पुढे त्याचा बचाव असा, की वाचता येत नसलं तरी क्वाड्रॅटिक इक्वेशन्स भरपूर येत होती. 1914 साली वडील वारले. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता.

लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजात त्याला स्कॉलरशिप मिळाली, थेट सेकंड इयरला प्रवेश मिळाला आणि 1923 साली फर्स्ट क्लास ऑनर्सची डिग्री हातात पडली. पुढच्याच वर्षी इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत नोकरी लागली. इथून त्यांना अहोजाहो करायला हवं.

तिथे त्यांच्या वाट्याला आलेला विषय होता क्रॉसटॉक. लांब पल्ल्याच्या टेलिफोन केबलमध्ये तारांच्या पुष्कळ जोड्या एकत्र असतात. एका जोडीतलं बोलणं शेजारच्या जोडीत ऐकू येतं. टेलिफोनला दोन तारांची पिळलेली जोडी वापरायची कल्पना त्यांची नव्हे, तिचं पेटंट ग्रॅहम बेल यांनी 1881 सालीच घेतलं होतं. पण जोडी नुसती असून भागत नाही, दोन्ही तारा विजेच्या दृष्टीने अगदी सारख्या असाव्या लागतात. ब्लुमलाईन आणि त्यांचे सहकारी जॉन्स यांनी क्रॉसटॉक कमी करणाऱ्या लोडिंग कॉइल्स बनवल्या आणि मोजमापासाठी नवा ब्रिजही तयार केला. त्यांची पहिली दोन पेटंटं याच कामाची.

1929 साली ते कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत गेले. रेकॉर्ड कापायच्या यंत्रासाठी बेल लॅब्जची पेटंटं वापरावी लागत होती आणि रॉयल्टी भरावी लागत होती. ब्लुमलाईननी वेगळ्याच तत्त्वावरचं, मूव्हिंग कॉइलचं यंत्र बनवून कंपनीला त्यातून मोकळं केलं. 1931 मध्ये कंपनीचं विलीनीकरण होऊन ईएमआय झाली. त्याच वर्षी ते होणाऱ्या बायकोबरोबर, डोरीनबरोबर, सिनेमाला गेले होते. पडद्यावर नट एका बाजूला आणि त्याचा आवाज भलतीकडून येतो, हे त्यांना खटकलं. आवाज नटाच्या मागे मागे फिरवायची युक्ती आपल्याकडे आहे, असं त्यांनी डोरीनला सांगितलं. आपण पिक्चर बघताना पॉपकॉर्न खातो. हे गृहस्थ पेटंटचा विचार करत होते!

14 डिसेंबर 1931 रोजी त्यांनी अर्ज केला. तेच स्टिरिओचं पेटंट, ब्रिटिश क्रमांक 394325, एकूण 70 दावे. रेकॉर्डच्या खाचेच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोनात आणि प्रत्येक भिंतीवर एक चॅनल, ही कल्पना त्यातच आहे. जानेवारी 1934 मध्ये अॅबी रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम मोत्झार्टची ज्युपिटर सिम्फनी बसवत होते, ती त्यांनी स्टिरिओत रेकॉर्ड केली. पण बाजारात कुणालाच स्टिरिओ नको होता. काम बाजूला ठेवून त्यांना टेलिव्हिजनवर लावण्यात आलं.

आता माझ्या वायरीकडे येतो. 12 मे 1937 रोजी सहाव्या जॉर्ज राजाच्या राज्याभिषेकाची मिरवणूक टीव्हीवर दाखवायची होती. कॅमेरे हाइड पार्क कॉर्नरला, ट्रान्समीटर अलेक्झांड्रा पॅलेसला, मध्ये अख्खं लंडन. जमिनीखालून खास दोन तारांची केबल टाकली होती. एवढ्या लांबीत काय काय नॉईज शिरेल, कल्पना करा. पण बाहेरचा नॉईज दोन्ही तारांवर सारखाच पडतो. सिग्नल मात्र दोन तारांमधल्या फरकात असतो. मग दुसऱ्या टोकाला फक्त फरक वाढवायचा आणि जे दोन्हीकडे सारखं आहे ते दाबून टाकायचं. हे करण्यासाठी ब्लुमलाईननी 1936 साली दोन व्हॉल्व्ह आणि दोघांत मिळून एक मोठा रेझिस्टर असं सर्किट पेटंट केलं. लाँग-टेल्ड पेअर! सेकंड इयरला सीएमआरआरची डेरिव्हेशन पाठ करून आपण ज्याला शिव्या देतो, तोच डिफरन्शियल अॅम्प्लिफायर. ऑप-अॅम्पच्या तोंडाशी आजही त्याचीच भावंडं बसलेली असतात.

हाय-फाय सिस्टीमच्या मागे तीन पिनांचे एक्सएलआर कनेक्टर असतात, तिथेही हेच तत्त्व आहे. दोन तारा सिग्नलच्या, तिसरी जाळीची. दोन्ही तारांचा जमिनीशी इम्पिडन्स सारखा असेल तरच नॉईज नीट वजा होतो. नुसत्या सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांनी तो जात नाही. घरात मीटरभर अंतराला साधी केबलही बहुधा चालून जाते. चाळीस मीटरला काय होतं, ते आपण सगळ्यांनी ऐकलंच आहे.

मग युद्ध आलं. ढगांखालची जमीन विमानातून पडद्यावर दाखवणाऱ्या एचटूएस रडारवर ब्लुमलाईन काम करत होते. 7 जून 1942 रोजी चाचणीसाठी गेलेल्या हॅलिफॅक्स विमानाच्या इंजिनला आग लागली आणि ते वेल्श बिकनर गावाजवळ कोसळलं. आतले अकराही जण गेले. त्यांत ब्लुमलाईन आणि ईएमआयमधले त्यांचे दोन सहकारी होते. वय फक्त 38. मागे डोरीन आणि दोन लहान मुलगे. त्यांच्या नावावर 128 पेटंटं होती, पण रडार गुप्त असल्यामुळे त्यांच्या जाण्याचा गाजावाजा करता येत नव्हता. पुढच्या जानेवारीत ते रडार युद्धात वापरलं गेलं.

स्टिरिओ रेकॉर्ड्स सर्रास विकल्या जाऊ लागल्या त्या 1958 च्या सुमारास, त्यांच्याच काटकोनी खाचेच्या. तोवर पेटंटची मुदत संपली होती. त्यांची सविस्तर चरित्रं 1999 आणि 2000 साली निघाली, आणि टेक्निकल ग्रॅमी मिळालं 2017 साली. ते घ्यायला ते नव्हते.

हे वाचताना मला माझा रूममेट आठवत होता. तो मराठी मीडियमचा. फर्स्ट इयरला इंग्रजी लेक्चर कळत नाही म्हणून बॅग भरून घरी निघाला होता. मी त्याला हसलो होतो. आज सर्किट्स तो मला शिकवतो, आणि या लेखाचं शुद्धलेखनही त्यानेच तपासलं आहे. बाराव्या वर्षापर्यंत धड वाचता न येणाऱ्या मुलाला कुणी तेव्हाच निकालात काढलं असतं तर?

यंदाच्या गॅदरिंगसाठी आम्ही दोघांनी मिळून नवीन केबल सोल्डर केली आहे. आत दोन तारा. काकांनी मीटर लावून तपासली आणि पास केली. त्या मुलीला मी झालेलं सगळं खरं सांगितलं, माफी मागितली. ती आधी रागावली, मग यंदा गाणार म्हणाली. या वेळी भुंऽऽ आलंच, तर शिट्ट्या तिच्यासाठी वाजवू नका. मी मिक्सरशेजारीच उभा असेन.