स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिणारे अण्णा भाऊ रशियात गेले, तेव्हा तिथं नेमकं काय चालू होतं?

१ ऑगस्ट आला की छत्रपती संभाजीनगरपासून सांगलीपर्यंत अण्णा भाऊ साठेंचे फोटो स्टेटसला लागतात. त्याच्याखाली एक वादही ठरलेला. रशियाचं एवढं कौतुक करणाऱ्या अण्णा भाऊंना तिथली दुसरी बाजू दिसली नाही का?

त्यासाठी आधी वाटेगावात जावं लागतं. तेव्हाच्या सातारा आणि आताच्या सांगली जिल्ह्यातलं हे गाव. १९२० साली तिथं मातंग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळा नावालाच. पोट भरेना म्हणून अख्खं कुटुंब पायी चालत मुंबईला आलं. कोळसे उचल, ओझी वाहा, मग गिरणीत काम, असे दिवस निघाले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये त्यांना कम्युनिस्ट भेटले. अण्णा भाऊंसाठी कम्युनिझम पुस्तकातून आला नाही, तो संपातून आणि मोर्च्यातून आला.

दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडची लढाई झाली आणि मुंबईतल्या या कामगारानं तिच्यावर पोवाडा रचला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांसोबत लाल बावटा कलापथक उभं राहिलं. १९५९ ला ‘फकिरा’ आली. आणि १९६१ मध्ये ज्या देशावर पोवाडा रचला, तो प्रत्यक्ष बघायचा योग आला.

मॉस्को, लेनिनग्राड, बाकू, ताश्कंद असा तो दौरा. ‘माझा रशियाचा प्रवास’ वाचलंत तर अप्रूप जागोजागी दिसतं. त्यात खोटं काही नव्हतं. शिक्षण फुकट, दवाखाना फुकट, घरभाडं नाममात्र, हाताला काम. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गागारिन अंतराळात जाऊन आला होता. शाळा नशिबात नसलेल्या माणसाला या गोष्टींची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळणार.

पण पाहुण्याला घर आवरूनच दाखवतात, हे आपल्याकडेही आहे.

कारखान्यात काय आणि किती बनवायचं, दुकानात भाव काय, हे सगळं सरकार ठरवायचं. भाव कमी असायचे, पण माल पुरायचा नाही. मग मांसासाठी रांग, बुटांसाठी रांग. शहरात कित्येक कुटुंबं एकाच फ्लॅटमध्ये एकेका खोलीत राहायची, स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एक. खेड्यात तर आणखी अवघड. जमिनी सामूहिक शेतीत गेल्या आणि १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसं मेली. सरकारनं धान्य ओढून नेल्यानं तो दुष्काळ जास्त भीषण झाला. सामूहिक शेतावरच्या माणसाला १९७४ पर्यंत सरसकट ओळखपत्र मिळत नव्हतं, त्यामुळं गाव सोडून शहरात राहायला जायचं तर परवानगी लागायची. म्हणजे वाटेगाव सोडून मुंबई गाठायची मोकळीक जी साठे कुटुंबाला होती, ती तिथल्या शेतकऱ्याला नव्हती.

माझ्या मते खरा पेच संपाचा आहे. अण्णा भाऊंची हयात गिरणी कामगारांच्या लढ्यांत गेली. ते परतल्यावर, जून १९६२ मध्ये, रशियात मांस आणि लोण्याचे भाव वाढले. नोवोचेर्कास्क शहरात रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातले कामगार संपावर गेले. सैन्यानं गोळीबार केला, २६ माणसं मेली. पेपरात एक ओळ छापून आली नाही. सोव्हिएत राजवटीच्या शेवटच्या वर्षांपर्यंत हे दाबून ठेवलं गेलं. मुंबईत बसलेल्या अण्णा भाऊंना ते कळणार कुठून?

नावाचंही तसंच झालं. ज्या शहरावर पोवाडा रचला, त्याचं स्टालिनग्राड हे नाव नोव्हेंबर १९६१ मध्ये तिथल्याच कम्युनिस्ट सरकारनं पुसलं आणि व्होल्गोग्राड केलं.

इकडं अण्णा भाऊंचा मुक्काम वर्षानुवर्षं घाटकोपरच्या चिराग नगरातल्या झोपडीतच राहिला. १८ जुलै १९६९ ला ते गेले, वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसवला गेला. तोवर सोव्हिएत युनियन मोडून तीस वर्षं होऊन गेली होती.