किलियन यांनी राखलेली पट्टी

नाकाला नवा आकार देताना सर्जन बहुधा रुग्णाच्याच नाकाच्या पडद्यातली कूर्चा काढून वापरतात. ती काढण्याची वाट रुळवली गुस्टाव किलियन यांनी. १८६० मध्ये जर्मनीतील माइन्झ येथे जन्मलेले हे नाक-घशाचे डॉक्टर जगाला ठाऊक आहेत ते ब्रॉन्कोस्कोपीमुळे. १८९७ मध्ये फ्रायबुर्गला त्यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेच्या शाखेत अडकलेले हाड नळी घालून काढले. या गाजावाजात त्यांचे पडद्यावरचे काम झाकोळले. मोलाने ते कमी नाही.

त्याआधी वाकडा पडदा अनेकदा अस्तरासकट कापत. श्वास मोकळा होई, पण पडद्याला कायमचे भोक राही. खपल्या धरत, रक्त येई, श्वास घेताना शिट्टीही वाजे. किलियन यांनी एका बाजूने अस्तराला छेद दिला, दोन्ही बाजूंचे अस्तर अलगद सोडवले आणि मधली कूर्चा तेवढी काढली. शिकागोचे ऑटो फ्रीअर यांनी १९०२ मध्ये, तर किलियन यांनी १९०४ मध्ये ही पद्धत मांडली. वरच्या आणि पुढच्या कडेची पट्टी मात्र राखायची. तंबूचा खांबच तो. गेला की नाक मधोमध बसते.

१९११ मध्ये किलियन बर्लिनला गेले, १९२१ मध्ये वारले. आज याच कूर्चेचे तुकडे नाकाचा शेंडा उचलायला किंवा खचलेला भाग भरायला लावतात. ती स्वतःचीच, म्हणून शरीर नाकारत नाही. तुकडा मोठा मिळावा असा मोह होतोच. तरी इंग्रजी ‘एल’सारखी ती पट्टी निदान १ सेंटीमीटर रुंद सोडावी लागते.