बेंजामिन जेस्टी आणि त्याचे कुटुंब

देवी टोचण्याची युक्ती कोणी काढली, असे विचारले असता शाळेतील कोणताही चुणचुणीत विद्यार्थी एडवर्ड जेनर हे नाव सांगेल, आणि ते उत्तर चूक आहे असे कोणी म्हणणार नाही. १४ मे १७९६ रोजी जेनर यांनी जेम्स फिप्स नावाच्या मुलास गाईच्या देवीची लस टोचली, हा प्रसंग आम्ही शिक्षकमंडळी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. परंतु त्याच्याही बावीस वर्षे अगोदर इंग्लंडातील एका शेतकऱ्याने हाच प्रयोग आपली पत्नी व दोन चिमुकली मुले यांच्यावर केला होता, आणि त्यापायी त्या घराला पुष्कळ लोकनिंदा सोसावी लागली, ही हकीकत फार थोड्यांस ठाऊक असते. आपल्या ज्ञातीतील घराघरांत वाचल्या जाणाऱ्या या अंकात त्या एका घराची कथा सांगावी, असे मनात आले.

बेंजामिन जेस्टी हा डॉर्सेट परगण्यातील येटमिन्स्टर गावचा. १७३६ साली त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. १७७० मध्ये एलिझाबेथ नोटली हिच्याशी त्याचा विवाह झाला. शेती व दुभती जनावरे हा त्याचा व्यवसाय होता. वैद्यकाचा त्याला गंधही नव्हता. मात्र गुराख्या-गवळ्यांत एक समजूत परंपरेने चालत आलेली होती. गाईच्या सडांवर कधीकधी फोड येतात; धार काढणाराच्या हाताला त्यांचा संसर्ग होऊन तेथेही फोड उठतात व थोड्याच दिवसांत बरे होतात. अशा माणसास पुढे देवीची बाधा होत नाही, अशी ती समजूत होती. स्वतः जेस्टीला हा संसर्ग होऊन गेला होता. त्याच्या घरी कामास असलेल्या दोन गवळणींनाही तो झाला होता, आणि त्या दोघींनी देवी आलेल्या आपल्या आप्तांची शुश्रूषा करूनही त्यांच्या अंगावर एक फोड उठला नाही, हे त्याने पाहिले होते.

१७७४ साली त्या भागात देवीची साथ आली. त्या काळी साथ म्हणजे काय, हे आपल्याकडील जुन्या माणसांस सांगावयास नको. जेस्टीला स्वतःची चिंता नव्हती. चिंता होती ती पत्नीची आणि तीन व दोन वर्षांच्या मुलांची. जवळच्या चेटनोल गावी एका शेतकऱ्याच्या गाईंना ते फोड आल्याचे कळताच तो बायकोमुलांना घेऊन तेथे गेला. मोजे विणण्याच्या सुईने त्याने गाईच्या फोडातील लस घेतली, आणि पत्नीच्या व रॉबर्ट आणि बेंजामिन या दोघा मुलांच्या हातांवर ओरखडा काढून त्यात ती भरली. धाकटी मुलगी अगदीच तान्ही असल्यामुळे तिला टोचले नाही.

मुलांना थोडाफार त्रास होऊन ती बरी झाली. एलिझाबेथचा हात मात्र फार सुजला, आणि काही दिवस तिच्या जिवाचीच काळजी वाटू लागली. त्या दिवसांत जेस्टीच्या मनाची काय अवस्था झाली असेल? ती दगावती तर बायकोची हत्या करणारा म्हणूनच त्याचे नाव गावात राहते. सुदैवाने वैद्याच्या उपचाराने ती वाचली. तथापि बातमी फुटली ती फुटलीच. जनावराचा रोग माणसाच्या अंगात घालणे हे अघोर कृत्य होय, या माणसांना आता शिंगे फुटतील, असे लोक बोलू लागले. जेस्टी बाजारात गेला की त्याची हुर्यो होई, त्याच्यावर वस्तू फेकल्या जात. ज्याने घरच्यांचा जीव वाचविण्यासाठी हे केले, तोच घरच्यांचा वैरी ठरला.

पुढे १७८९ मध्ये दोन्ही मुलांना शस्त्रवैद्याकडून माणसाच्या देवीची लस मुद्दाम टोचविण्यात आली. ती त्यांना बाधली नाही. प्रयोग सिद्ध झाला, पण त्याचे टिपण कोणी केले नाही. येथे जेनर यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एवढे सांगितले पाहिजे की, त्यांनी प्रयोग पद्धतशीर केला, ग्रंथ लिहिला आणि लस जगभर जाईल अशी व्यवस्था केली. जेस्टीने यातले काहीच केले नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टॉल या तीन वर्षांच्या मुलीस हिंदुस्थानातील पहिली लस टोचली गेली, तेव्हा जेस्टीच्या वाट्याला कसलाही मान आलेला नव्हता.

त्याची हकीकत लिहून कळविली ती एका शिक्षकाने. जेस्टी १७९७ च्या सुमारास समुद्राजवळच्या वर्थ मॅट्रॅव्हर्स गावी राहावयास गेला होता. शेजारच्या स्वॉनेज गावी १८०१ मध्ये डॉ. अँड्र्यू बेल हे धर्मोपदेशक म्हणून आले. हे बेल म्हणजे मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत, वरच्या मुलांनी खालच्यांना शिकविण्याची पद्धत सुरू करणारे गृहस्थ. वाळूत बोटाने अक्षरे गिरविणारी मुले पाहून त्यांनी ती रीत आपल्या शाळेत नेली. आपल्याकडील धूळपाटीचीच ती बहीण. अशा माणसाला जेस्टीच्या हकिकतीचे मोल कळावे यात नवल नाही. १८०३ मध्ये त्यांनी ती लिहून काढून लंडनच्या लस-संस्थेकडे पाठविली. जेनर यांच्याशी स्पर्धा असलेल्या डॉ. पिअर्सन यांच्या त्या संस्थेला ही हकीकत सोयीची वाटली, हेही खरे.

१८०५ मध्ये संस्थेने जेस्टीला लंडनला बोलाविले. राजधानीत जावयाचे तर नवा पोशाख करावा म्हणून घरच्यांनी आग्रह धरला; खेड्यात चालतो तो पोशाख शहरात का चालू नये, असा त्याचा हट्ट. थोरला रॉबर्ट, ज्याला तीन वर्षांचा असताना सुई टोचली होती, तो आता तिशी ओलांडलेला, बापाबरोबर गेला. त्याने सर्वांसमक्ष देवीची लस पुन्हा टोचून घेतली आणि आपल्या शरीराची साक्ष बापाच्या बाजूने दिली. संस्थेने जेस्टीला प्रशस्तिपत्र, सोन्याने मढविलेली दोन नस्तरे व खर्चासाठी पंधरा गिनी दिल्या. जेनर यांना पार्लमेंटने १८०२ मध्ये दहा हजार आणि १८०७ मध्ये आणखी वीस हजार पौंड दिले. त्या मानाने ही रक्कम काहीच नव्हे.

मग कुटुंबाला मिळाले काय? माझ्या मते, पैशाहून मोठे असे काही मिळाले. एकतीस वर्षे जो कलंक होता, तोच मान झाला. हात सुजून मरणाच्या दारी गेलेली एलिझाबेथ वेड्या नवऱ्याच्या हट्टाची बळी राहिली नाही. तिने सोसलेले कशासाठी होते, हे जगाला कळले. मुलांना आपला बाप कोण होता हे शेजाऱ्यांपाशी मान वर करून सांगता आले. आपल्या ज्ञातीतही एखाद्या घरच्या सुईणीने वा वैदूने केलेले काम कागदावर न आल्यामुळे नातवंडांना ठाऊक नाही, असे होत असेल; ज्यांना लिहिता येते त्यांनी ते लिहून ठेवावे, एवढेच जाता जाता सुचवितो.

१६ एप्रिल १८१६ रोजी जेस्टी वारला. वर्थच्या देवळाच्या आवारात त्याचे थडगे आहे. गाईची देवी टोचणारा ज्ञात असा पहिला पुरुष म्हणून त्यावर त्याचा उल्लेख असून, १७७४ मध्ये त्याने हे पत्नीवर व दोन मुलांवर केले असेही कोरलेले आहे. १८२४ मध्ये एलिझाबेथही त्याच्या शेजारीच विसावली. संस्थेने मायकेल शार्प या चित्रकाराकडून त्याचे तैलचित्र काढविले होते. जेस्टीला एका जागी बसवेना, म्हणून चित्रकाराच्या पत्नीने पियानो वाजवून त्याला कसेबसे बसवून ठेवले, असे सांगतात. ते चित्र पुढे दृष्टिआड झाले, आणि अगदी अलीकडे दक्षिण आफ्रिकेत सापडून आता लंडनच्या वेलकम संग्रहात आहे. त्यात जेस्टी आपल्या शेतावरच्या साध्या पोशाखातच बसलेला आहे.