रणदिवेबाईंचे उंदीर आणि वहिनीची गोळी

माझे माहेर कळसचे, इंदापूर तालुक्यातले. तालुका उसाचा आणि दुधाचा. आमच्या घरी ऊस बेताचा, दूध मात्र भरपूर. थोरल्या वहिनीने चाळीस वर्षे गोठा सांभाळला. पहाटे उठून धारा काढायच्या, डेअरीची किटली भरायची आणि मग भाकऱ्यांना बसायचे, हा तिचा नेम कधी चुकला नाही. तीन वर्षांपूर्वी तिच्या स्तनात गाठ निघाली. पुण्यात शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. पाच वर्षे रोज एक गोळी घ्यायची, असे सांगून डॉक्टरांनी तिला घरी पाठवले.

गेल्या भाऊबिजेला गेले तेव्हा वहिनीने माझ्यापुढे कोरा चहा ठेवला. ज्या घरात पाहुण्याला पेलाभर दूध दिल्याशिवाय सोडत नाहीत, त्या घरात कोरा चहा! विचारले तेव्हा फडताळातून तिने एक छापील कागद काढला. कुठल्याशा आरोग्य शिबिरात तो वाटला होता. दूध बंद, साखर बंद, डॉक्टरी गोळ्या म्हणजे रसायन. त्याऐवजी जवस, हळदीच्या कॅप्सूल आणि दंडाला चोळायचे एक नैसर्गिक हार्मोनचे मलम. कागदात सोयाबीनला अमृत म्हटले होते. त्याच आठवड्यात भाच्याच्या मोबाईलवर आलेल्या संदेशात मात्र सोयाबीन विष ठरले होते, कारण त्यात म्हणे बायकांचे हार्मोन असते. वहिनीने सोयाबीनही सोडले. आणि गोळी? ती दीड महिन्यापासून बंद होती.

तिला अडाणी म्हणायला मी तयार नाही. गोळी सुरू झाल्यापासून तिचे सांधे धरत होते. पहाटे बोटे वळत नसत. जिची बोटे वळत नाहीत तिने धार कशी काढायची? दुखणे रोज जाणवते, गाठ पुन्हा उठण्याची भीती मात्र डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी कोणी नैसर्गिक हा शब्द उच्चारला की माणूस तिकडे ओढला जातो.

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. तरी त्या दिवशी नेमके काय सांगावे ते सुचेना. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवल्या त्या डॉ. कमल रणदिवे. दुसऱ्या दिवशी गोठ्यात बसून वहिनीला मी त्यांचीच गोष्ट सांगितली.

कमल समर्थ या मूळच्या पुण्याच्या, जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. त्या काळी मुलींना शिकवण्याचा त्यांचा आग्रह होता आणि ही मुलगी तर विशेष हुशार. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, असे वडिलांच्या मनात होते. मुलीने दोन्ही बाबतीत वेगळे केले. वनस्पती आणि प्राणी यांचे शास्त्र निवडले आणि १९३९ साली गणिताचे अभ्यासक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न केले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम.एस्सी. केले ते सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींवर. सीताफळापासून स्तनाच्या कर्करोगापर्यंतचा हा प्रवास ऐकायला विचित्र वाटतो, पण पेशी ही पेशीच. सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची शिस्त एकच.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले होते. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे रोगनिदानशास्त्रातले मोठे नाव. कर्करोग सगळ्यांना सारखा होत नाही, माणसे कशी राहतात, काय चघळतात, कधी लग्न करतात यावर तो बदलतो, हे भारतात नीट नोंदी ठेवून दाखवणाऱ्यांत ते अग्रणी होते. मुंबईच्या पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग जास्त, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा जास्त, हा फरक त्या काळातच ठळकपणे पुढे आला. खानोलकरांच्या हाताखाली कमलबाईंनी पीएच.डी. केली, १९४९ साली. विषय उंदरांमधला स्तनाचा कर्करोग.

इथे थोडे थांबायला हवे, कारण वहिनीच्या प्रश्नाचे उत्तर याच उंदरांपाशी आहे.

प्रयोगशाळेत भावंडांचाच पिढ्यान्‌पिढ्या संकर करून उंदरांचे शुद्ध वाण तयार करतात. काही वाणांतल्या बहुतेक माद्यांना स्तनाची गाठ होते, काहींत क्वचितच. अमेरिकेत जॉन बिटनर या शास्त्रज्ञाने १९३६ साली एक साधा प्रयोग जाहीर केला. गाठी होणाऱ्या वाणाची पिल्ले जन्मताच उचलून गाठी न होणाऱ्या वाणाच्या मादीला पाजायला लावली. त्या पिल्लांत पुढे गाठी कमी झाल्या. म्हणजे आईच्या दुधातून काहीतरी जात होते. पुढे कळले की तो एक विषाणू आहे. ही गोष्ट वहिनीला शाळेतल्या कोणत्याही मुलीपेक्षा लवकर समजली. वासरू मेलेल्या गाईला दुसरे वासरू लावण्यात तिचा हात धरणारे आमच्या गावात कोणी नाही.

पण नुसता विषाणू पुरत नाही, हीच तर खरी गोम होती. अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन नसेल तर विषाणू असूनही गाठी फारशा होत नाहीत. फ्रान्समध्ये लाकासान्य यांनी १९३२ साली नर उंदरांना इस्ट्रोजेन टोचले, तेव्हा नरांनाही स्तनाच्या गाठी झाल्या. त्याच्याही आधी, १८९६ साली, ग्लासगोच्या बीटसन या शल्यविशारदाने आजार बळावलेल्या स्त्रियांची अंडाशये काढल्यावर गाठी आक्रसल्याचे लिहून ठेवले होते. हार्मोन हा शब्दही तेव्हा रूढ झाला नव्हता.

रणदिवेबाईंनी उंदरांचे चार वाण घेऊन ताडून पाहिले. वंश, पिल्ले होणे, स्तनातल्या ऊतींची रचना, हार्मोन आणि विषाणू यांतले कोण कोणाला साथ देते, हा त्यांचा शोध. कर्करोगाची प्रवृत्ती, हार्मोन आणि विषाणू यांचे नाते आधी ओळखणाऱ्यांत त्यांची गणना होते. या कामाला किती चिकाटी लागते ते बाहेरच्याला कळत नाही. उंदीर म्हातारा होईपर्यंत वाट पाहायची, दर आठवड्याला बोटांनी चाचपायचे, कागदावर मांडायचे आणि पुन्हा वाट पाहायची.

पीएच.डी.नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर काचेत पेशी वाढवण्यात गाय यांचा हातखंडा होता. हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतून घेतलेल्या, हीला नावाने जगभर पोचलेल्या पेशी १९५१ साली त्यांच्याच प्रयोगशाळेत वाढल्या. तिकडे राहण्याचा मोह अनेकांना होतो. बाई परत आल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, देशातली अशी पहिली. पेशींना लागणारे पोषक द्रावणही इथेच तयार करावे लागे. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाचा कार्यभार सांभाळला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केले, १९८२ साली पद्मभूषण मिळाले. विज्ञानात काम करणाऱ्या बायकांना घर आणि प्रयोगशाळा यांच्या कात्रीतून वाट काढता यावी, म्हणून १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता.

माणसातही दुधातून जाणारा विषाणू असेल का, या प्रश्नाने त्या काळी सगळे झपाटले होते. पारशी स्त्रियांच्या दुधात तसे कण दिसल्याची बातमी १९७१ साली नेचरमध्ये आली आणि त्या कामात मुंबईचे संशोधकही होते. पण माणसात ते सिद्ध झाले नाही. वहिनीला हे मुद्दाम सांगितले, कारण तिची लेक तेव्हा बाळंतपणाला आली होती आणि अंगावर पाजायला घाबरत होती. आजीचा रोग दुधातून उतरेल अशी तिची समजूत. प्रत्यक्षात उलट आहे. तीस देशांतले ४७ अभ्यास एकत्र करून २००२ साली लॅन्सेटमध्ये जे प्रसिद्ध झाले, त्यात आईने बारा महिने पाजले की तिचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो, असे निघाले. प्रत्येक बाळंतपणाने तो आणखी सुमारे ७ टक्क्यांनी घटतो.

आता पुन्हा त्या कागदाकडे येते. रणदिवेबाईंच्या उंदरांना वाढणारी गाठ पोसायला बाहेरून काही लागत नव्हते. त्यांच्या अंगात होते ते त्यांच्याच अंडाशयाचे, शंभर टक्के नैसर्गिक हार्मोन. वहिनीची गाठही हार्मोनवर पोसणारी होती, तसे तिच्या तपासणीच्या अहवालात लिहिले आहे. पाळी गेल्यावर अंडाशये थकतात, पण अंगातल्या चरबीत इस्ट्रोजेन बनत राहते. वहिनीची गोळी तेच बनू देत नाही. पाळी चालू असलेल्या बायकांना बहुधा टॅमॉक्सिफेन देतात, ते गाठीच्या पेशीवर इस्ट्रोजेनची जागा अडवून बसते. एका हाताने शरीराचे हार्मोन रोखायचे आणि दुसऱ्या हाताने मलमातून नवे हार्मोन चोळायचे, हा कुठला न्याय? पाळी गेलेल्या स्त्रियांना हार्मोन देण्याची मोठी चाचणी अमेरिकेत झाली, १६,६०८ स्त्रियांवर. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची जोडी घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग वाढला, म्हणून २००२ साली ती मध्येच थांबवावी लागली. मलमात नेमके किती काय असते, याचा तर कोणी हिशेबही देत नाही.

खाण्याचे मात्र इतके भिण्याजोगे नाही. शांघायमध्ये स्तनाचा कर्करोग झालेल्या पाच हजारांवर स्त्रियांचा मागोवा घेतला, तो २००९ साली छापून आला. सोयाबीनचे पदार्थ नेहमी खाणाऱ्यांत रोग उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण कमीच दिसले. सोयाबीनमधली द्रव्ये इस्ट्रोजेनसारखी दिसतात, पण त्यांचा जोर अगदी कमी. तेव्हा वहिनीने पोळीच्या पिठात मूठभर सोयाबीन टाकायला हरकत नव्हती. सोयाबीनच्या अर्काच्या गोळ्या गिळणे वेगळे. हळदीचेही तसेच. भाजीतली चिमूट निराळी आणि कॅप्सूल निराळी. हळदीचा अर्क टॅमॉक्सिफेनची रक्तातली मात्रा कमी करतो, असे २०१९ साली नेदरलंड्समधल्या एका छोट्या चाचणीत दिसले. जवसाची चटणी चवीला उत्तम, भाकरीबरोबर खावी. गोळीच्या बदली नव्हे. दूध सोडल्याने गाठ टळते, याला आधार नाही. उलट वहिनीच्या गोळीने हाडे ठिसूळ होतात, तिला दुधातले कॅल्शियम हवेच आहे. वजन वाढू न देणे आणि रोज चालणे या दोन गोष्टींना खरोखर अर्थ आहे, कारण इस्ट्रोजेन चरबीत बनते. कागदात नेमके हेच नव्हते. चालण्याचे कोणाला पैसे मिळत नाहीत.

बाईंची आणखी एक गोष्ट वहिनीला आवडली. निवृत्तीनंतर, १९८९ साली, त्या सत्यनिकेतन या संस्थेबरोबर अकोले तालुक्यात गेल्या. हे अकोले तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. गंमत अशी की अकोले नावाचे एक गाव आमच्या इंदापूर तालुक्यातही आहे आणि त्या अकोले तालुक्यात एक कळस आहे! वहिनीला आधी वाटले, बाई आपल्याच शेजारी येऊन गेल्या. तिथे त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली, खेड्यातल्या बायकांना आरोग्याच्या गोष्टी समजावून सांगितल्या. आयुष्यभर पेशी पाहिलेल्या बाई सत्तरी ओलांडल्यावर मुलांच्या ताटात काय पडते ते पाहायला डोंगरात गेल्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्या गेल्या.

गोष्ट संपल्यावर वहिनी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, त्या उंदरांचे शेवटी काय झाले. मी खरे ते सांगितले. तिला वाईट वाटले.

आठवड्याने मी तिला घेऊन पुण्याला डॉक्टरांकडे गेले. दीड महिना गोळी बंद होती हे तिने स्वतःच सांगितले, बोटांचेही सांगितले. सांधे धरणे हा या गोळीचा ओळखीचा त्रास आहे, असे कळले. डॉक्टरांनी त्याच जातीची दुसरी गोळी लिहून दिली, व्यायाम दिले, हाडांची तपासणी करून घेतली. बोटे अजून पहाटे आखडतात, पण आठाच्या सुमाराला मोकळी होतात. भाच्याने धारा काढायचे यंत्र आणले आहे. वहिनीला त्याचा आवाज आवडत नाही, गाई बुजतात असे तिचे म्हणणे. एक कपिला मात्र ती अजून हातानेच पिळते, आठ वाजल्यानंतर. पुढची तपासणी श्रावणात आहे.