हजरत उमर (रजि.) : सहाबांकडूनही हिशेब घेणारे खलिफा

हजरत उमर (रजि.) यांचं नाव निघालं की आपल्याला रात्री मदिनेत गस्त घालणारे, स्वतःच्या पाठीवर पीठ वाहून नेणारे खलिफा आठवतात. हे किस्से आपल्या मुलांनाही पाठ असतात. पण सरकारी पैशाचा हिशेब ते कसा घेत, हे फारसं सांगितलं जात नाही.

मक्केतल्या बनू अदी घराण्यात त्यांचा जन्म झाला. लहानपणी वडिलांचे उंट चारले, पुढे व्यापार केला. कुरैशमध्ये लिहिता-वाचता येणारे मोजकेच होते, त्यांत ते एक. इ.स. ६३४ मध्ये ते खलिफा झाले. पुढच्या दहा वर्षांत शाम, इराक, मिस्र आणि इराणचा मोठा भाग त्यांच्या राज्यात आला आणि मदिनेत कधी नव्हे इतका पैसा येऊ लागला. मग त्यांनी दीवान सुरू केला, म्हणजे कोणाला किती वजीफा द्यायचा याचं रीतसर रजिस्टर.

गव्हर्नर नेमताना त्याच्या मालमत्तेची यादी लिहून घेतली जाई. नंतर संपत्ती बेहिसाब वाढलेली दिसली तर काही जणांची निम्मी मालमत्ता बैतुलमालमध्ये जमा झाली. मिस्र जिंकणारे हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनाही सूट मिळाली नाही. त्यांच्या मालाची वाटणी करायला मुहम्मद बिन मस्लमा (रजि.) यांना पाठवलं गेलं. गव्हर्नरांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी बहुतेक त्यांच्याकडेच असे. शिवाय हजच्या वेळी गव्हर्नरांना बोलावून लोकांच्या तक्रारी सगळ्यांसमोर ऐकल्या जात.

कूफ्याचे गव्हर्नर हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) म्हणजे कादिसियाचे विजेते, जन्नतची खुशखबर मिळालेल्या दहांपैकी एक. त्यांच्याविरुद्धही तक्रार आली. चौकशीवाले कूफ्यातल्या मशिदी-मशिदींत गेले आणि लोकांना उघडपणे विचारलं. जवळपास सगळ्यांनी तारीफच केली, एकाने तेवढे आरोप केले. तरी हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना पदावरून हटवलं. पण मरणाच्या बिछान्यावर त्यांनी स्पष्ट करून ठेवलं की सादना हटवण्याचं कारण नालायकी किंवा बेईमानी नव्हतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आमच्या शाळेत पोषण आहाराचं रजिस्टर तपासायला कोणी आलं की स्टाफरूममध्ये लगेच कुजबुज सुरू होते, आमच्यावर शंका का म्हणून! मशिदीच्या कमिटीत कोणी चंद्याचा हिशेब विचारला तरी तेच. तिथे तर सहाबांची चौकशी होत होती.

घरच्यांचा हिशेब तर आणखी कडक. त्यांचे दोन मुलगे, अब्दुल्लाह आणि उबैदुल्लाह, फौजेबरोबर इराकला गेले होते. परतताना बसऱ्याचे गव्हर्नर अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी मदिनेला पाठवायचा सरकारी पैसा त्यांना कर्ज म्हणून दिला. या पैशातून माल घ्या, मदिनेत विका, मुद्दल बैतुलमालमध्ये भरा आणि नफा तुम्ही ठेवा, असं ठरलं. दोघांनी तसंच केलं. मुद्दलाचा एक दिरहमही कमी नव्हता. आजचा कुठलाही ऑडिटर इथे सही करून मोकळा झाला असता. पण वडिलांनी एकच गोष्ट विचारली, असं कर्ज फौजेतल्या प्रत्येकाला मिळालं का? मिळालं नव्हतं. म्हणजे खलिफाचे मुलगे म्हणून मिळालं, तेव्हा सगळा नफा जमा करा. अब्दुल्लाह गप्प राहिले. उबैदुल्लाहनी मात्र वाद घातला की पैसा बुडाला असता तर भरपाई आम्हालाच करावी लागली असती. शेवटी बैठकीतल्या एकाने सुचवलं की हा भागीदारीचा व्यवहार मानावा. मग अर्धा नफा मुलांना आणि अर्धा बैतुलमालला, असा निकाल झाला.

इ.स. ६४४ मध्ये फज्रच्या नमाजमध्ये त्यांच्यावर खंजिराचे वार झाले. जखमी अवस्थेत त्यांनी अब्दुल्लाहना आपलं कर्ज मोजायला लावलं. ते सुमारे ८६ हजार दिरहम निघालं. आधी घरच्या मालमत्तेतून फेडा, कमी पडलं तर बनू अदीकडे मागा, तरीही कमी पडलं तर कुरैशकडे, त्यापुढे कोणाकडे जाऊ नका, असं त्यांनी सांगितलं. पुढे या कर्जासाठी त्यांचं मदिनेतलं घर विकलं गेलं. कर्ज फेडण्यासाठी विकलेलं घर म्हणूनच ते ओळखलं जाऊ लागलं.